राजाने बायबलमध्ये स्वतःचं नाव घुसडलं?

एक दावा सध्या फार फिरतो आहे. येशूच्या शिष्याचं खरं नाव याकोब. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ साली बायबलचं भाषांतर करून घेतलं तेव्हा ते काढून स्वतःचं नाव घातलं आणि शिष्याची ज्यू ओळख पुसली, असं त्यात म्हटलेलं असतं. हे साफ खोटं आहे.

आधी 'राजाने नाव घातलं' हे बघू. विल्यम टिंडेलचा इंग्रजी नवा करार १५२६ साली जर्मनीतल्या वर्म्समध्ये छापला गेला. त्यात हा शिष्य जेम्सच आहे. टिंडेलला १५३६ साली मृत्युदंड झाला आणि हा राजा जन्मला १५६६ साली! चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलातही जेम्सच सापडतो.

दुसरं म्हणणं, जेम्स आणि याकोब यांचा काही संबंध नाही. संबंध अगदी सख्खा आहे. हिब्रू याकोवचं ग्रीकमध्ये याकोबोस झालं, लॅटिनमध्ये याकोबुस. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये 'ब'चा 'म' होऊन याकोमुस असं रूप आलं. दोन्ही ओठांनी उच्चारायची अक्षरं, त्यामुळे हा बदल सहज घडतो. त्यातूनच इटालियन जाकोमो, स्पॅनिश हाइमे आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजी जेम्स. स्पेनमध्ये दुसरी वाटही फुटली: 'ब' गळाला, 'क'चा 'ग' झाला आणि इयागो उरला. संत इयागो म्हणजे सांतियागो. सांतियागो दे कोंपोस्तेला हे तीर्थक्षेत्र याच शिष्याच्या नावाचं. अरबीतला याकूबही याच मुळाचा.

मग बायबलच्या जुन्या करारातला याकोब, म्हणजे इसहाकाचा मुलगा, इंग्रजीत जेकबच कसा राहिला? कारण हा भेद नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येच आहे. नव्या करारातल्या मत्तयच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या वंशावळीत इसहाकाच्या मुलाचं नाव हिब्रू वळणाचं, 'याकोब' असं येतं. चौथ्या अध्यायात जब्दीच्या मुलाच्या, म्हणजे आपल्या शिष्याच्या, त्याच नावाला मात्र ग्रीक प्रत्यय लागतो. लॅटिनने तो फरक जपला, इंग्रजीने तो लॅटिनकडून घेतला. मराठी बायबलात दोघंही याकोबच असल्यामुळे आपल्याला तो दिसत नाही, आणि म्हणूनच हा दावा पटकन खरा वाटतो.

राहिला लपवाछपवीचा आरोप. या राजाच्या स्वतःच्या नाण्यांवर त्याचं नाव लॅटिनमध्ये कोरलेलं आहे, आणि ते आहे याकोबुस.