किती तासांचं बॅकअप?

"किती तासांचं हाय ओ, ताई?"

काल दुपारी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एका काकांनी मला असं विचारलं. त्याचा राग अजून उतरलेला नाही. राग काकांचा नाही. कुणाचा ते पुढं येईलच.

झालं एवढंच, की रविवारी घरच्या पीसीतून टक-टक आवाज यायला लागला आणि सोमवारी तोही थांबला. दुकानातल्या पोरानं डिस्क कानाला लावली, शहाळं विकत घेताना लावतात तशी, आणि म्हणाला, "गेली. पुण्याला पाठवावी लागंल. अठरा हजार, गॅरंटी नाही. बॅकअप आहे का?"

"आहे ना! दोन वर्षं रोज चालू आहे," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. दुकानात आणखी चार जण होते, त्यांनाही कळावं की इथं एक जबाबदार बाई उभी आहे.

त्यावर डोक्याला ओला पंचा गुंडाळलेले ते काका वळले आणि त्यांनी तासांची चौकशी केली.

"कसले तास?"

"बॅकअपचे की. आमचं चार तास म्हणून घेतलं, आता दीड तासात बसायलंय. भायेर पाटी वाचली, 'सर्व प्रकारचे बॅकअप करून मिळेल', म्हणून आत आलो."

"काका, हा इन्व्हर्टरचा नव्हे. फायलींचा."

"म्हणजे लाईट गेल्यावर बी फायली दिसणार?"

"नाही, कॉम्प्युटर बिघडल्यावर दिसणार."

"बिघडल्यावर कशात दिसणार मग?"

दुकानातलं पोरगं खाली मान घालून स्क्रू पिळत होतं, पण खांदे हलत होते.

आता मी काही अडाणी नाही. हा बॅकअप निवडायला मी तीन आठवडे घालवले होते. लग्नासाठी स्थळं बघतानासुद्धा आमच्या घरी एवढी चौकशी झाली नव्हती. भाच्यानं मॅक्रियम नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर सांगितलं, तर त्याची फुकट आवृत्ती कंपनीनं बंद केलेली, १ जानेवारी २०२४ पासून तिला अपडेटही नाहीत. चांगलं आणि फुकट असलं, की ते बंद पडण्याच्या वाटेवरच असतं. एकानं वीम सांगितलं, एकानं डुप्लिकाटी. शेजारणीनं सांगितलं, "कशाला एवढं? सगळं गुगल ड्राइव्हवर टाक." तिथं फुकटची जागा १५ जीबी, त्यातच मेल, त्यातच फोटो. शिवाय ते सिंक. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं; ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतं, मग कायमचं जातं. चुकून पुसणं हाच आमच्या घरचा मुख्य धोका. यजमान 'जागा मोकळी करतो' म्हणाले, की माझ्या पोटात गोळा येतो.

शेवटी विंडोजमधलंच फाइल हिस्टरी चालू केलं. फुकट, घरचं, दर तासाला आपोआप. बाहेरची १ टीबीची डिस्क आणली (तीही लावल्यावर ९३१ जीबीच दाखवते, मापात पाप तिथंही आहे). स्क्रीनवर त्याची खिडकी उघडली की तारीख-वेळेसकट लिहून यायचं, फायली शेवटच्या अमुक वाजता कॉपी झाल्या. ती वेळ वाचून मी दोन वर्षं निवांत झोपले.

हे सगळं मी काकांना सांगितलं. का सांगितलं देव जाणे. तीन-दोन-एकचा नियमही सांगितला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

"मग हे पाण्याचंच की ओ," काका म्हणाले. "नळ चार-पाच दिवसांनी येतंय. खाली हौद, वर टाकी, मोरीत ड्रम. झाले तीन? नळाचं एक, बोअरचं खारं एक. झाले दोन प्रकार? आणि धाकटा भाऊ जुळे सोलापूरला. त्याच्याकडं पाण्याचा दिवस येगळा. आमचं कोरडं पडलं की कॅन घेऊन तिकडं. झालं एक?"

जगभरचे कॉम्प्युटरवाले जे पढवून थकले, ते हा माणूस महापालिकेच्या कृपेनं वर्षानुवर्षं पाळतोय.

मग जरा थांबून म्हणाले, "पण ताई, वरची टाकी भरली म्हणून काय झालं? खालची तोटी सोडून बघितली का कधी? आमच्यात एकदा वर टाकी भरलेली आणि मोरीत थेंब नाही. पायपातच बोळा."

मी तोटी सोडून बघितली नव्हती. दोन वर्षांत एकदाही नाही.

पोरानं माझी बाहेरची डिस्क त्याच्या मशीनला लावली. उघडली. इकडं तिकडं बघितलं. "मॅडम, ह्यात सी ड्राइव्हचंच आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. डी कुठंय?"

डी नव्हताच. फाइल हिस्टरी आपणहून ठरावीक फोल्डरच घेतं. बाकीचे आपण दाखवून द्यावे लागतात. आणि आमचं सगळं डीमध्ये. का, तर पीसी घेतला तेव्हा बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "महत्त्वाचं डीमध्ये ठेवा, विंडोज पुसून नवं मारलं तरी डी सेफ." अख्ख्या सोलापुरात हाच मंत्र आहे. पण सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग. एका पेटीत मधे पुठ्ठा घालायचा आणि दोन पेट्या म्हणायच्या. पेटी विहिरीत पडली तर पुठ्ठा काय करणार?

राग आहे तो ह्याचा. कॉपी झाली म्हणून सांगता, मग कशाची झाली तेही सांगा ना एका ओळीत! 'बाई, तुमचा डी ड्राइव्ह आम्ही घेतलेला नाही' एवढं लिहायला काय जात होतं? कसल्या कसल्या सूचना रात्री-अपरात्री टपकतात. ही एक मात्र नाही. डीमध्ये सासऱ्यांच्या गिरणीतल्या नोकरीचे कागद होते, मी स्वतः दुपारी बसून स्कॅन केलेले. मूळ कागद नंतर वाळवीनं नेले. यजमान फोनवर एवढंच म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, बॅकअप आहे?"

काकांना पोरानं बॅटरीवाल्याचं दुकान सांगितलं. जाताना त्यांनी मला धीर दिला, "हुईल ओ ताई. पुण्यात हुशार लोकं असत्यात."

डिस्क पुण्याला गेली. मी घरी येऊन भाच्याच्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून बसले, निदान काय वाचलं ते बघू म्हणून. डेस्कटॉपवर 'किराणा' नावाची एक फाइल होती, येता-जाता मी त्यात लिहायची. तिच्या तीनशे बारा प्रती निघाल्या. प्रत्येकीच्या नावात तारीख आणि वेळ, तीही ग्रीनिचची, आपल्या साडेपाच तास मागं. बोटं मोजून हिशेब केला. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला सकाळी दहा वाजता शेंगदाणे दोन किलो होते. अकरा वाजता अडीच किलो झाले. बाराला पुन्हा दोन.