‘दर दुसऱ्या माणसाला गजकर्ण’: या मेसेजमधलं खरं किती?

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘हॉस्पिटलच्या त्वचा ओपीडीत दर दुसरा रुग्ण गजकर्णाचा. म्हणजे निम्म्या जनतेला लागण. रक्त बिघडल्याने हे होतं. गोळ्या आता चालत नाहीत. मेडिकलमधून मिक्स ट्यूब आणा, तीन दिवसांत साफ.’

‘म्हणजे निम्म्या जनतेला’

त्वचा ओपीडीत खाज, चट्टा, पुरळ असलेलीच माणसं येतात. तिथल्या टक्केवारीवरून गावाचा हिशेब निघत नाही. पावसाळ्यात केसपेपर काढले तर आकडा फुगतो, कारण तेव्हा घाम आणि ओले कपडे दोन्ही असतात. बुरशी म्हणून नेमकं काय मोजलं, हेही विचारायला हवं. शिबं आणि बोटांच्या बेचक्यातल्या काही चिखल्याही बुरशीच्याच, पण त्या गजकर्ण नव्हेत.

शिवाय नुसतं बघून केलेलं निदान, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) तपासणी आणि कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणं) यांचे आकडे एकाच ओपीडीत वेगवेगळे येतात. केओएचसाठी चट्ट्याच्या सरकत्या कडेचा कोंडा ब्लेडने काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, कव्हरस्लिप ठेवून 10 ते 20 मिनिटं थांबतात. पेशी विरघळल्या की बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात. कोंडा चट्ट्याच्या मधून घेतला किंवा रुग्ण आधीपासून मलम लावत असला, तर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

‘मिक्स ट्यूब लावा’

मेसेजमधला सगळ्यांत घातक सल्ला हाच. या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत बहुधा क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड दाह दाबतं, म्हणून दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि माणूस ट्यूब ठेवून देतो. बुरशी मात्र जिवंत असते, आणि तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिकारशक्तीच मंदावलेली असते. आठवड्या-दोन आठवड्यांत चट्टा आणखी मोठा होऊन परततो. त्याची गोल कड पुसट झालेली असल्याने अनुभवी डोळ्यालाही तो चकवतो. जांघेत तर त्वचा पातळ होऊन कायमचे पट्टे उमटतात, ते कुठल्याही औषधाने पूर्ण जात नाहीत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली; चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे. तरीही ती सर्रास मिळतात, याची चीड यायलाच हवी.

‘गोळ्या चालत नाहीत’

यात अर्धं तथ्य आहे. भारतात पसरलेल्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं. तिच्या अनेक नमुन्यांत स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात बदल सापडतो, आणि टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध नेमकं त्याच एन्झाइमवर काम करतं, म्हणून ते कमी पडतं. अशा रुग्णांत इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध बहुतेकदा उपयोगी पडतं. पण त्याची साधी कॅप्सूल उपाशीपोटी किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. ती भरपेट जेवणानंतर घ्यायची. हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

बुरशीचं साधं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावायचं. डाग गेल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: खाज गेली की उपचार संपला असं वाटतं.

‘रक्त बिघडल्याने’

नाही. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते. रक्तशुद्धीच्या काढ्याचा तिच्याशी संबंध नाही. ती पसरते अंगाला अंग लागून, टॉवेल, अंथरूण आणि एकमेकांच्या कपड्यांतून. म्हणून टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आतले कपडे रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले, आणि घरात ज्या-ज्या कुणाला चट्टे असतील त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी. एकालाच औषध दिलं, तर तो बरा होऊन महिन्याभरात त्याच अंथरुणातून पुन्हा लागण घेतो.