ते हिरवं

आमच्या घरात रास्पबेरी पायला ‘ते हिरवं’ म्हणतात. पत्त्याच्या पानाएवढा तो बोर्ड म्हणजे अख्खा संगणक आहे, असं मी आईला सांगितलं. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. “पडदा कुठाय?” वेगळा घ्यायचा. “कीबोर्ड?” तोही. “मग विकतात काय?”

29 फेब्रुवारी 2012 रोजी तो 35 डॉलरला विकायला आला. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीइतकं प्रोग्रॅमिंग येईना, तेव्हा एबेन अप्टन आणि मंडळींनी मुलांना बिनधास्त खेळता येईल असा संगणक काढायचं ठरवलं. 2015 मध्ये पाय झीरो आला तो 5 डॉलरला, आणि तिकडे एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून चक्क फुकट दिला. आमच्याकडे दिवाळी अंकात फार तर मसाल्याची पुडी येते.

स्वस्ताई बोर्डापुरतीच असते, हे पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलं की कळतं. माझ्या मॉडेलला, पाय 4 ला, अडॅप्टर 5 व्होल्ट 3 अँपिअरचा लागतो; ड्रॉवरभर पडलेले मोबाइलचे जुने चार्जर त्याला चालत नाहीत. मग मेमरी कार्ड. पडद्याला जोडायची घरातली एचडीएमआय वायर बसत नाही, मायक्रोवाली घ्या. तापतो, म्हणून पंखा, पंख्यासाठी डबी. बायको बिल वाचते तेव्हा मी तुळशीकडे बघतो.

कारण हे सगळं तुळशीसाठी होतं. माती सुकली की पंप आपोआप सुरू होणार! पण ओलाव्याचा स्वस्त सेन्सर ॲनालॉग, म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज देणारा, आणि पायच्या वायरी जोडायच्या 40 पिनांतल्या एकीलाही ॲनालॉग कळत नाही. मध्ये एक चिप घाला. पिनेवर पंप चालत नाही, रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच घाला. पिनेला 3.3 ऐवजी चुकून 5 व्होल्ट दिले तर बोर्ड जळायचा, पण ऑफिसच्या लॅपटॉपला हात लावताना जो घाम फुटतो तो इथे फुटत नाही. मी त्या किमतीत धैर्य विकत घेतो. यंत्रणा उत्तम झाली. पंप मात्र कधीच सुरू झाला नाही, कारण आई रोज अंघोळ करून तुळशीला तांब्याभर पाणी घालते आणि सेन्सरला माती नेहमी ओलीच दिसते. तिला थांबवणार कोण?

मग त्याच बोर्डावर पाय-होल टाकलं. घरातलं प्रत्येक यंत्र ‘ही साइट कुठाय?’ असं आधी त्याला विचारतं, आणि जाहिरातींचे पत्ते ते सांगतच नाही. घरभरातल्या बहुतेक जाहिराती गेल्या. कौतुक शून्य. उलट बायकोची तक्रार, की सेलच्या लिंका उघडत नाहीत.

एका संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि मेमरी कार्ड बिघडलं. वायफायच्या कांड्या भरलेल्या, पण एकही पान उघडेना. घरातली सगळी विचारणा त्या हिरव्याकडून जात होती ना! लेकीचं कार्टून बंद, बायकोची मीटिंग बंद, आईचं कीर्तन बंद. मी नव्या कार्डावर सगळं पुन्हा भरत असताना तिघी पाठीशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बायकोनं इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या हिरव्याला इन्व्हर्टरवरचा पॉइंट काढून दिला. फ्रिज अजून रांगेत आहे.