‘जमिनीवर या’ म्हणणाऱ्या सरांना

शाळेऐवजी घरीच शिकणारी आमची मुलं हिवाळ्यात शेतावर बाहेर राहूनच विज्ञान कशी शिकतात, या माझ्या मागच्या लेखावर एका निवृत्त शिक्षकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ती अख्खी देते, म्हणजे वाक्य तोडून वापरलं असं कुणी म्हणायला नको. “ताई, जरा जमिनीवर या. थंडीत कुडकुडत कोंबड्यांना दाणे टाकायला लावणं याला विज्ञान म्हणत नाहीत, मुलांना राबवून घेणं म्हणतात. विज्ञानाला मोजमाप लागतं, नोंदी लागतात. परीक्षांचं काय? बरोबरीच्या मुलांची संगत कुठून आणणार? हौस तुमची, किंमत मुलं मोजणार.”

सर, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, सुरुवातच खटकली. मी जमिनीवरच असते. सकाळी गोठ्यात, दुपारी वाफ्यांत, संध्याकाळी खुराड्यापाशी. तुम्ही आमचं घर पाहिलेलं नाही, मुलांशी दोन शब्द बोललेला नाहीत, आणि तरी ‘राबवून घेणं’ म्हणून मोकळे झालात. मुद्दा मांडायला हरकत नाही, पण हा सूर वर्गात चालत असेल. मी तुमच्या वर्गात नाही.

एक मान्य करते. लेखातल्या फोटोंखाली तारखा नव्हत्या. असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी टाकेन.

आता त्या दाण्यांचं. जो पोरगा दाणे टाकतो तोच अंडी मोजतो आणि वहीत लिहितो. हिवाळा लागला की अंडी कमी होतात, हे त्यानेच वहीवरून दाखवलं. थंडीमुळे, असा त्याचा पहिला अंदाज. बऱ्याच मोठ्या माणसांचाही तोच असतो. मग खुराड्याचे दोन भाग केले. कोंबड्या एकाच वयाच्या, दोन्हीकडे सारख्याच, दाणाही सारखाच, थंडी तर सारखीच. फक्त एका बाजूला पहाटे दिवा, म्हणजे उजेडाचे तास १४ च्या वर जातील. मधे आधी नुसती जाळी होती. उजेड पलीकडे जातोय हे पोराच्याच लक्षात आलं आणि त्याने तिथे जाड पोती टांगली. काही आठवड्यांत दिव्याच्या बाजूची अंडी वाढली. थंडी दोन्हीकडे तीच होती, म्हणजे कारण उजेडाचं. पक्ष्यांच्या मेंदूपर्यंत उजेड डोळ्यांतून जातो तसा कवटीतूनही पोचतो आणि अंडी घालण्याची संप्रेरकं त्यावर हलतात, हे आम्ही नंतर पुस्तकात वाचलं. आधी पोती, मग पुस्तक. याला राबवून घेणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मी स्वतः कशी शिकले तेही सांगते, म्हणजे ही हौस कुठून आली ते कळेल. पाण्याचं असंगत आचरण, म्हणजे पाणी ४ अंशांना सगळ्यांत जड असतं आणि त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होतं, हे मला तोंडपाठ होतं. ते दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची आकृती मी डोळे मिटून काढायचे: पाण्याच्या उभ्या भांड्याभोवती मधे बर्फ-मिठाचं गोठणमिश्रण, वर एक तापमापी, खाली एक. खालची ४ अंशांवर थांबते, वरची शून्यावर जाते. गुण पुरेपूर मिळाले. पण गोठलेल्या तळ्यात मासे कसे जगतात, असं त्या वर्गात कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. विचारलं कुणी नाहीच.

आमच्या मुलीने ते तळ्यावर पाहिलं. आम्ही राहतो तिथे हिवाळ्यात तळं वरून गोठतं. काठावरच्या फळीवर ती पालथी पडून बर्फातल्या भोकातून तापमापी सोडायची. पण वर ओढेपर्यंत पारा हलायचा आणि दर वेळी आकडा वेगळाच. मग तिने बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी गेली की बूच ओढायचं, पाणी भरू द्यायचं आणि वर आल्याबरोबर त्यात तापमापी बुडवायची. बर्फाखाली शून्याच्या जवळ, तळाशी ४ च्या आसपास. जड पाणी खाली बसतं, मासे तिथेच. मोजमाप लागतं म्हणालात ना, सर? हे घ्या.

आणि कुडकुडणं! अंगावर कपड्यांचे तीन थर असतात, मोजे ओले झाले की लगेच बदलायचे हा घरचा नियम आहे. फारच गारठलं तर पोरं खताच्या ढिगापाशी जाऊन हात शेकतात. आत जिवाणूंचं काम जोरात असलं की तो ६० अंशांपर्यंत तापतो. (तेही वहीत आहे.)

विल्सन बेंटली तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला शेतकऱ्याचा मुलगा. चौदा वर्षांचा होईपर्यंत आईनेच घरी शिकवलं, सूक्ष्मदर्शकही तिनेच दिला. १५ जानेवारी १८८५ ला, विशीही ओलांडलेली नसताना, त्याने हिमकणाचा पहिला फोटो घेतला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून, कडाक्याच्या थंडीत. पुढे आयुष्यभरात ५,००० हून जास्त घेतले. शेती सोडली नाही. १९३१ मध्ये हिमवादळातून चालत घरी आल्यावर न्यूमोनियाने गेला, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगून टाकते. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता.

संगतीचं म्हणाल तर एखाद्या रविवारी या. आजूबाजूची सगळी पोरं आमच्याच अंगणात असतात. त्या गोंधळात पाच मिनिटं शांत बसून दाखवा, मग बोलू. परीक्षेचं आमचं आम्ही बघून घेऊ. तो प्रश्न नातेवाइकांकडून इतका ऐकलाय की त्यावरच्या प्रतिक्रिया मी यापुढे मंजूरच करणार नाही.