जावा भंगारात घालू नका!

पोलीस ठाण्याच्या आवारात बेवारस, जुनी जावा मोटरसायकल सडत पडलेली असते. टाकीवरचा क्रोम शाबूत, किक आणि गिअरचा तो एकच दांडा जागच्या जागी. अनामत भरून लिलावाला जावं, तर गाड्या एकगठ्ठा विकणार! ज्याला एकच हवी, त्याने काय करायचं? किलोवर विकायला ती रद्दी आहे का? सुटी मिळालीच, तर आरसी बुक गायब, चासी नंबर गंजलेला. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणी आली, २०,००० रुपये शुल्क ठरलं. भरतो की! पण लिलावात कागदच देत नाहीत, तर नोंदवू काय? या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. गॅसकटर लावण्याआधी आम्हा जावाच्या शौकिनांना एकदा विचाराल की नाही?