'जीबीएस'चा रुग्ण शेजारी आहे म्हणून दार बंद करू नका

जानेवारी 2025मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलेन बारी सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागला: 'हा करोनासारखा नवा व्हायरस आहे, रुग्णाजवळ गेलात तर तुम्हालाही होईल.' हे चूक आहे.

जीबीएस हा विषाणूही नाही आणि नवाही नाही. 1916मध्येच फ्रेंच डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते. आधी जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होतो. मग एक ते तीन आठवड्यांत आपलीच प्रतिकारशक्ती गफलत करते. जंतूच्या आवरणातले काही घटक आणि आपल्या नसांवरचे घटक सारखे दिसतात. जंतूला मारायला निघालेली प्रतिपिंडे मग नसांवरच तुटून पडतात. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, अशक्तपणा वर सरकतो. अशा वेळी घरगुती मालिश करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पसरतो तो पोटाचा संसर्ग. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. म्हणजे बोट पाण्याकडे आणि कच्च्या-अर्धकच्च्या अन्नाकडे जाते. शेजाऱ्याकडे नाही.

आणि हो, चिकन सोडायची गरज नाही. पूर्ण शिजवलेल्या चिकनमध्ये हा जिवाणू तग धरत नाही. कच्चे चिकन चिरलेल्या सुरीनेच कोशिंबिरीची काकडी कापली, तर मात्र शिजवण्याचा काही उपयोग नाही.