बिटरेट वाढवला की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा नीट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की गेमप्लेचे व्हिडिओ ऑनलाइन धुरकट दिसतात याचं खापर मी उगाच कॉम्प्रेशनवर, म्हणजे फाइल लहान करायला व्हिडिओ दाबतात त्यावर, फोडलं, खरा दोष रेकॉर्डिंगच्या सेटिंगचा आहे, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट डेटा वापरायचा तो आकडा, ५० मेगाबिट केला की प्रश्न मिटला. शिवाय १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) व्हिडिओ मोठा करून ४के (दोन्ही बाजू दुप्पट) म्हणून अपलोड करा हा माझा सल्ला म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक, आणि तुलनेसाठी टाकलेले स्क्रीनशॉट मी सोयीचे निवडलेत. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येते. पहिले दोन मला पटलेले नाहीत, आणि का ते सविस्तर सांगते कारण हा गैरसमज फार लोकांचा आहे.

तुम्ही ५० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तरी बघणाऱ्यापर्यंत ती फाइल जातच नाही हो. साइट ती फाइल घेते, उलगडते आणि स्वतःच्या हिशोबाने परत दाबते, आणि त्या दुसऱ्या वेळी किती बिट द्यायचे हे तुमच्या हातात नसतं. लाइव्हचं उदाहरण घ्या. गेम थेट दाखवणाऱ्या ट्विच या साइटवर १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेमसाठी ६००० केबीपीएस सांगितलेले आहेत, म्हणजे सेकंदाला ६० लाख बिट. न दाबलेला तोच व्हिडिओ, रंगाची माहिती आधीच कमी करून, म्हणजे ४:२:० या पद्धतीत, घेतला तरी, सेकंदाला जवळपास १५० कोटी बिट होतो. म्हणजे अडीचशे बिटांतला एक ठेवायचा आणि बाकीचे टाकायचे! एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी साडेबारा किलोबाइट येतात. एच.२६४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत, चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतो, तसे एका फ्रेममध्ये ८१६० होतात, तेव्हा एका चौकोनाला, म्हणजे २५६ पिक्सेलना मिळून, जेमतेम १२ बिट.

आता तुम्ही म्हणाल मग सिनेमा कसा चांगला दिसतो? कारण कोडेक सगळं नव्याने लिहीत नाही, मागच्या फ्रेममधला अमुक तुकडा तमुक ठिकाणी सरकलाय एवढंच लिहून ठेवतो. भिंतीवरून कॅमेरा सरकला तर हे फार स्वस्तात जमतं. सिनेमात साधारण सेकंदाला २४ फ्रेम, हलणारी गोष्ट पुसट, मागचं सगळं आउट ऑफ फोकस. गेममध्ये ६० फ्रेम, पार क्षितिजापर्यंत सगळं कडक शार्प, आणि वर वाऱ्यावर डोलणारं गवत जिथे प्रत्येक पातं वेगळ्या दिशेला चाललंय, त्यात पाऊस, त्यात तुम्ही माउस झटकन फिरवता. सरकलाय म्हणावं असा तुकडाच सापडत नाही मग कोडेक काय करणार, बारीक तपशील पुसून टाकतो.

हे बघायचं असेल तर एकच करा. उंच गवतातून पळत जा आणि अचानक थांबा, आणि नंतर अपलोड झालेल्या व्हिडिओत तो क्षण बघा. पळताना गवत म्हणजे हिरवा लगदा असतो, थांबल्यावर क्षणभर लगदाच राहतो आणि मग एकेक पातं उगवल्यासारखं वर येतं, कारण आता चित्र हलत नाहीये आणि कोडेकला उरलेले बिट तपशिलावर घालता येतात. मी हाच सीन २० आणि ८० मेगाबिटने रेकॉर्ड करून दोन्ही अपलोड केले. माझ्या डिस्कवरच्या फाइलींत फरक आहे, पळतानाचं गवत ८० वाल्यात स्पष्ट चांगलं आहे. अपलोडनंतर दोन्हीकडे तोच लगदा. रेकॉर्डिंग चांगलं असावंच, आधीच चौकोन पडलेली फाइल परत दाबली तर ते चौकोन जपण्यातच बिट वाया जातात, पण एका मर्यादेनंतर तुमच्या बाजूने आकडा वाढवून काही मिळत नाही.

फसवणुकीचा शब्द मात्र मला लागला. मोठं केल्याने नवा तपशील येत नाही हे मी मूळ लेखातच लिहिलं होतं. मुद्दा हा की ४के च्या व्हर्जनला साइट जास्त बिट देते, आणि बऱ्याचदा जुन्या एच.२६४ ऐवजी, जो २००३ चा आहे, नवा कोडेकही मिळतो, म्हणून जो तपशील मुळात होता तो वाचतो. दुसरं, रंग. ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी होते, त्यामुळे काळ्यावरची बारीक लाल अक्षरं, हेल्थचा आकडा वगैरे, कडेला फुटतात. मी रेकॉर्डिंग ४:४:४ मध्ये, म्हणजे रंगाची माहिती न कापता, करते, ते दुप्पट करून ४के केलं की रंगाचा थर निम्मा होऊनही १९२० बाय १०८० चाच उरतो, म्हणजे मुळात होता तेवढाच! यात कोणाला काय फसवलं? गेममध्ये जे दिसत होतं त्याच्या जवळचं चित्र बघणाऱ्याला मिळतं, एवढंच तर हवंय.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं तर व्हिडिओखाली लोक बिनधास्त लिहितात की ग्राफिक्स भंगार आहेत, आणि तिथे बिचाऱ्या कोणीतरी महिनोन् महिने त्या गवतावर काम केलेलं असतं जे त्या व्हिडिओत पोचलेलंच नाही.

आता स्क्रीनशॉट. मी व्हिडिओ जिथे थांबला तिथे चित्र घेतलं होतं, एकीकडे कीफ्रेम, म्हणजे पूर्ण नव्याने लिहिलेली फ्रेम, आली असेल आणि दुसरीकडे कमी बिटांची मधली फ्रेम, तेव्हा ती तुलना बरोबर नव्हती. निवडून घेतले नव्हते, पण चूक माझीच. ती तिन्ही चित्रं आज लेखातून हटवतेय, त्याच क्लिपमधल्या नेमक्या त्याच फ्रेम दोन्हीकडून काढून परत टाकते, गवतात थांबण्याआधीची एक आणि थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने एक.